कुत्र्याचा विमा काढू का, डॉक्टर?

बीपी तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, की खुर्चीतून उठता उठता पेशंट विचारतात, "डॉक्टर, एक विचारू? आमच्या ब्रुनोचा विमा काढावा का? एजंट मागे लागलाय." हल्ली हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच सविस्तर लिहून टाकावं असं ठरवलं.

आधीच सांगतो, मी माणसांचा डॉक्टर आहे. तुमच्या कुत्र्याला काय झालंय ते तुमचे पशुवैद्य सांगतील. पण घराच्या बजेटमधून कुत्र्याच्या विम्याचे पैसे निघतात, तेव्हा ते कुठून कमी होतात हे मला माझ्या टेबलावर दिसतं. त्यामुळे या विषयावर माझं मत आहे, आणि ते स्पष्ट आहे: बहुतेक घरांनी आत्ता कुत्र्याचा विमा काढू नये. ज्यांनी काढावा असे थोडे लोक आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी लिहितो.

बाईंची साखर का वाढली?

माझ्या एक पेशंट आहेत. निवृत्त शिक्षिका, वय ६७, घरी एकट्या. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मधुमेह बारा वर्षांपासून, पण शिस्त अशी की एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, कधी साडेसातच्या वर गेली नाही. गेल्या वर्षी ती एकदम १०.४ आली. लॅबची चूक असेल म्हणून मी पुन्हा करायला लावली. तेवढीच आली.

"बाई, गोळ्या घेताय ना?"

"घेते हो."

"रोज?"

जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एक दिवसाआड."

त्यांच्या लॅब्रॅडॉरचं गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन, औषधं, ड्रेसिंग, सगळं धरून बिल सत्तर हजारांच्या पुढे गेलं. विमा होता, दोन वर्षं हप्ते भरलेले होते. क्लेम नामंजूर झाला. कारण? पॉलिसी घेण्याच्या आधीच्या एका केसपेपरवर पशुवैद्यांनी एक शब्द लिहिला होता: लंगडतो. म्हणजे आजार आधीपासूनचा.

याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. दोन हप्ते झेपेनात म्हणून बाईंनी स्वतःचा मेडिक्लेम बंद केला होता. "साठीनंतर हप्ता वाढतच चाललाय, आणि मला काय होतंय? शेरूचं तरी बघायला हवं."

मी बाईंना दोष देत नाही. ज्या घरात संध्याकाळी दार उघडल्यावर एकच जीव वाट बघत असतो, तिथे तो जीव काय असतो हे मला समजतं. माझा राग आहे तो त्या वाक्यावर, जे बाईंना विकलं गेलं: "प्रेम असेल तर विमा काढा."

विमा हा प्रेमाचा पुरावा नाही

विमा म्हणजे एक साधा व्यवहार आहे. जो खर्च क्वचितच येतो, पण आला तर आपलं कंबरडं मोडेल, तो अनेकांनी वाटून घ्यायचा. दुसरा काही अर्थ त्यात नाही. गावाकडे गाईच्या कानात विम्याचा बिल्ला असतो. शेतकऱ्याचं गाईवर प्रेम असतंच, पण बिल्ला त्यासाठी मारलेला नसतो. दुभती गाय गेली तर घरात रोज येणारा पैसा थांबतो, म्हणून तो विमा असतो. तिथे हिशोब स्वच्छ आहे आणि विमा योग्य आहे.

घरातल्या कुत्र्याच्या आजारपणाने मन मोडतं, खिसाही हलका होतो, पण घराचं उत्पन्न थांबत नाही. म्हणून इथे प्रश्न प्रेमाचा नसून दोनच गोष्टींचा आहे. जो खर्च प्रत्यक्षात येणार आहे तो ही पॉलिसी देते का? आणि देत असेल तर त्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात का?

"परदेशात तर सगळेच काढतात" असंही सांगितलं जातं. स्वीडनमध्ये बहुतांश कुत्र्यांचा विमा असतो हे खरं आहे. तिथे ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. पण अमेरिकेत, जिथे पशुवैद्यांची बिलं ऐकून आपल्याला घाम फुटेल, तिथे आजही शंभरातल्या पाचापेक्षा कमी पाळीव प्राण्यांचा विमा आहे. तेव्हा "सगळेच" या शब्दाला भुलू नका.

पॉलिसी कशाचे पैसे देत नाही?

घरी पॉलिसी असेल तर आज ती काढा आणि "समाविष्ट नाही" हे पान वाचा. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात, पण साधारणपणे हे दिसेल:

- लसीकरण, जंताची औषधं, गोचिडांची औषधं, नियमित तपासणी, दात, नखं, अंघोळ: नाही.
- लस घेतली नाही आणि लसीने टळणारा आजार झाला: नाही.
- पॉलिसी घेण्याआधी असलेला आजार किंवा त्याचं लक्षण: नाही.
- पॉलिसी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला आजार: नाही.
- जन्मजात किंवा आनुवंशिक दोष: अनेक पॉलिसींत नाही.
- ठरावीक वयानंतर: पॉलिसीच नाही. मोठ्या जातींसाठी ही मर्यादा आणखी अलीकडे असते.

आता यातला शेवटचा मुद्दा नीट बघा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो. किडनी, हृदय, गाठी, सांधे, हे खर्चिक आजार येतात ते उतारवयात. म्हणजे तरुण आणि धडधाकट असताना तुम्ही हप्ते भरायचे, आणि गरज पडेल त्या वयात दार बंद.

"पण डॉक्टर, माणसांच्या मेडिक्लेमलाही अटी असतातच की!" असतात. पण माणसांच्या आरोग्य विम्यावर नियामक संस्थेची, आयआरडीएआयची, बंधनं आहेत. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "तुम्ही आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमचं वय झालं म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. हे संरक्षण तुमच्या कुत्र्याच्या पॉलिसीलाही असेल असं गृहीत धरू नका. नाव "हेल्थ कव्हर" असलं तरी ती वेगळी वस्तू आहे. आयकरात जुन्या करप्रणालीत तुमच्या मेडिक्लेमवर जी वजावट मिळते, तीही इथे नाही.

हिशोब मांडून बघू

आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या पॉलिसीचे तुम्ही घाला.

समजा हप्ता वर्षाला ६,००० रुपये, विमा रक्कम ५०,००० आणि प्रत्येक क्लेममध्ये २० टक्के वाटा तुमचा. बिल आलं ६०,००० रुपयांचं. क्लेम पूर्ण मान्य झाला तरी ५०,००० ची मर्यादा, त्यातून २० टक्के वजा, हातात ४०,०००. वरचे २०,००० तुमचे. आणि पैसे नंतर परत मिळणार असतील, तर ऑपरेशनच्या दिवशी पूर्ण ६०,००० तुम्हालाच उभे करावे लागणार.

आता दुसरी बाजू. हेच ६,०००, म्हणजे महिन्याला ५०० रुपये, शेरूच्या नावाने वेगळ्या रिकरिंग खात्यात टाकले, तर आठ वर्षांत ४८,००० आणि वर व्याज. म्हणजे जवळजवळ विम्याच्या रकमेइतके. यात प्रतीक्षा काळ नाही, जुना केसपेपर कोणी मागत नाही, लसीलाही चालतात. आणि ज्या वयात पॉलिसी संपते, नेमके त्याच वयात हे पैसे तयार असतात. कुत्रा निरोगी राहिला तर पैसे तुमचेच.

या हिशोबात एक भोक आहे, ते लपवत नाही. पहिल्याच वर्षी गाडीखाली आला तर खात्यात सहाच हजार असतील. शिवाय पॉलिसीची रक्कम दरवर्षी नव्याने मिळते, खातं एकदा रिकामं झालं की झालं. त्यावर माझा उपाय असा: पिल्लू आणतानाच सुरुवातीची रक्कम बाजूला ठेवा. जातिवंत पिल्लासाठी पंचवीस-तीस हजार मोजताना आपला हात आखडत नाही. तेवढेच पैसे त्याच दिवशी त्याच्या खात्यात टाका. ते जमत नसेल तर देशी पिल्लू दत्तक घ्या आणि पिल्लाची किंमत खात्यात घाला. दोन्ही जमत नसेल, तर पिल्लू आत्ताच आणायचं का याचा शांतपणे विचार करा. हे वाक्य कडू लागेल, पण नंतर "परवडत नाही म्हणून इंजेक्शन देऊन संपवा" असं म्हणण्याची वेळ याहून फार कडू असते.

खरा विमा सिरिंजमध्ये असतो

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पॉलिसी विचारणाऱ्या पेशंटला मी उलटा प्रश्न करतो, "लसी पूर्ण आहेत का?" आणि बऱ्याचदा उत्तर येतं, "पहिल्या दोन झाल्यात, पुढचं राहिलं."

पार्व्होचं पिल्लू रक्ताचे जुलाब होऊन दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. त्याची लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. मधला डोस चुकला तर संरक्षण अर्धवट राहतं. डिस्टेंपरचं तेच. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो आणि त्याच्या लघवीतून तुम्हालाही होऊ शकतो, पावसाळ्यात तर विशेष जपायला हवं. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्याकडे वर्षभर दिसतो, आणि तो टाळायला गोचिडांचं औषध वेळेवर देणं एवढंच लागतं. मादीची नसबंदी केली नाही तर उतारवयात गर्भाशयात पू होऊन रात्री-अपरात्री तातडीचं ऑपरेशन करायची वेळ येते. तेच गर्भाशय वेळीच काढलं तर तो आजारच संभवत नाही.

आता वरची "समाविष्ट नाही" यादी पुन्हा वाचा. कुत्र्याचा जीव ज्या गोष्टी वाचवतात, त्यातल्या बहुतेक पॉलिसीबाहेर आहेत. सहा हजार रुपये हप्त्यात गेले म्हणून लस पुढे ढकलली, तर तुम्ही कुत्र्याचं संरक्षण विकून कागद विकत घेतलात.

रेबीजबद्दल तर मी कोणतीही तडजोड ऐकून घेत नाही. लक्षणं दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो, कुत्र्याचाही आणि माणसाचाही. कुत्र्याला पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, नंतर बूस्टर आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसं, आपल्याकडे सहसा दरवर्षी. आणि घरचाच कुत्रा खेळताना चावला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. "आमचाच आहे, लस झालीय" म्हणून घरी बसू नका. लागेल का इंजेक्शन, हे आम्हाला ठरवू द्या. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

जाता जाता एक. कुत्र्या-मांजराला आपल्या घरच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. अशा बिलाला कुठलीच पॉलिसी नको, फक्त एक फोन पुरतो.

आधी घरातली माणसं

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा घरातल्या माणसांचा आरोग्य विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी रद्द झाला आहे, त्याचा फायदा घ्या. वार्षिक हप्त्याची तारीख चुकली तर ३० दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी बंद पडते आणि इतक्या वर्षांत पूर्ण केलेले प्रतीक्षा काळ हातचे जातात. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं, घरातल्या आजी-आजोबांचं कार्ड काढलंय का बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच, पण ती ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांसाठी. तिच्या भरवशावर चालू मेडिक्लेम सोडू नका.

दुसऱ्यांदा कुत्र्याच्या लसी, नसबंदी आणि गोचिडांची औषधं. तिसऱ्यांदा त्याचं वेगळं खातं. पॉलिसीचा नंबर चौथा.

आणि मोठं बिल समोर आलं तर खासगी क्लिनिक हा एकच रस्ता नाही. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून रुग्णालयं आहेत. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करतंय. रांग असते, वेळ जातो, पण विचारून तरी बघा.

मग विमा कोणी काढावा?

मी सरसकट नाही म्हणत नाही. चार गोष्टी एकत्र असतील तर जरूर काढा: कुत्रा लहान आहे आणि त्याच्या कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नाही, घरातल्या माणसांचा विमा चालू आहे, लसी पूर्ण आहेत, आणि पन्नास-साठ हजारांचं बिल एकदम आलं तर तुम्हाला कर्जच काढावं लागेल. नुकती नोकरी लागलेली जोडपी, ज्यांच्याकडे महिन्याला पाचशे आहेत पण गाठीशी काही नाही, यात बसतात.

आणखी एक कारण मला पटतं, ज्याबद्दल एजंट सहसा बोलत नाहीत: तुमचा कुत्रा दुसऱ्याला चावला तर द्यावी लागणारी भरपाई. लहान मुलं असलेल्या सोसायटीत मोठा कुत्रा असेल, तर हे संरक्षण पॉलिसीत आहे का आणि किती रकमेचं, ते बघा. पण त्यासाठी महापालिकेचा परवाना, लसीचं कार्ड आणि हातात पट्टा, हे आधी हवं. प्राणी निष्काळजीपणे सांभाळून लोकांना धोका होऊ दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ती कैद कोणतीही कंपनी तुमच्या वतीने भोगणार नाही.

सही करण्याआधी एजंटला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

१. कोणत्या वयाला पॉलिसी बंद होते?
२. माझ्या कुत्र्याच्या जातीत नेहमी दिसणारे आजार यात आहेत का?
३. प्रत्येक आजारासाठी वेगळी मर्यादा आहे का, आणि माझा वाटा किती?
४. पैसे थेट दवाखान्यात जातात की नंतर परत मिळतात?
५. जुने केसपेपर आत्ताच बघून लेखी मान्यता देता का?

पाचवा प्रश्न बाईंनी विचारला असता, तर सत्तर हजार वाचले नसते. पण दोन वर्षांचे हप्ते वाचले असते आणि बहुधा मेडिक्लेमही.

बाई आता बऱ्या आहेत. गोळ्या रोज घेतात, साखर आठच्या खाली आली आहे. नवीन मेडिक्लेम मिळाला, पण मधुमेहासाठी प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलाय. शेरू थोडा लंगडतो, पण जिने चढतो. कुत्र्याची पॉलिसी त्यांनी पुढे चालू ठेवली नाही, महिन्याला पाचशे रुपये पोस्टात टाकतात. मागच्या वेळी तपासून झाल्यावर त्यांना एवढंच म्हणालो, "बाई, शेरूचं सगळ्यात मोठं संरक्षण तुम्ही आहात. तुम्ही आयसीयूत गेलात, तर त्याला संध्याकाळी कोण बाहेर नेणार?"

तुमच्याही घरी असा एखादा शेरू असेल, तर आज दोन कागद शोधा. त्याचं लसीचं कार्ड, आणि तुमच्या स्वतःच्या मेडिक्लेमची नूतनीकरणाची तारीख. दोन्ही ठीक असतील, तर मग एजंटला फोन करायला हरकत नाही.